मानेचा पट्टा आणि कंबरेचा घेर

गावातल्या डॉक्टरशी रुग्णाच्या आधी त्याची पिशवी बोलते. कापड दुकानाची नाहीतर सराफाची पिशवी, आणि तिच्यात पाच-सात वर्षांचे कागद. त्यात मानेचा एक एक्स-रे असतो, तो हाडांच्या डॉक्टरांनी पाहिलेला. पोटात गॅस धरतो म्हणून केव्हातरी काढलेली सोनोग्राफी असते. तिच्यावर 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' अशी एक ओळ असते आणि ती वाचून 'विशेष काही नाही, तेलकट कमी करा' असे कोणीतरी सांगितलेले असते. साखरेचा रिपोर्ट असतो, तो तिसऱ्याच दवाखान्यातला. कागद एकाच पिशवीत आणि माणूसही एकच. पण हे तीन कागद एका टेबलावर शेजारी शेजारी मांडून पाहणारा सहसा कोणी भेटत नाही. ते मांडले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आजचा लेख त्यासाठीच आहे.

मुद्दा थोडक्यात सांगतो. यकृतात चरबी साठणे आणि मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचे हाड बनणे, हे दोन आजार वरवर पाहता एकमेकांचे कोणी लागत नाहीत. एक पोटातला, दुसरा पाठीतला. परंतु ज्या जमिनीत पहिला उगवतो, त्याच जमिनीत दुसऱ्यालाही खत मिळते. ती जमीन म्हणजे सुटलेले पोट, वाढलेली साखर, रक्तातली चरबी आणि बसून राहण्याची सवय. आता लगेच घाबरून जाऊ नका. यकृतात चरबी असलेल्या प्रत्येकाच्या मानेत हाड वाढते असे मुळीच नाही. बहुतेकांची मानदुखी ही स्नायूंची किंवा वयोमानाप्रमाणे होणाऱ्या झिजेची असते आणि ती बरी होते. पण ज्या थोड्यांना हा आजार होतो, त्यांचे हात आणि पाय पणाला लागतात. म्हणून त्याची ओळख सर्वांना हवी.

पट्टीचे हाड होते म्हणजे काय?

आपल्या कण्यातले मणके एकावर एक रचलेले असतात. ते ढळू नयेत म्हणून निसर्गाने त्यांना आतून-बाहेरून चिवट पट्ट्यांनी बांधले आहे. या पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. चांगल्या कमावलेल्या चामड्यासारख्या त्या मजबूत असतात आणि वाकतातही. एक लांब पट्टी मणक्यांच्या पुढच्या अंगाने जाते. दुसरी मणक्यांच्या मागच्या अंगाला चिकटून, मानेपासून थेट माकडहाडापर्यंत उतरते. तिच्या लगेच मागे मज्जारज्जू असतो, म्हणजे मेंदूकडून हातापायांकडे जाणारी मुख्य तार. त्या तारेच्या मागच्या बाजूला आणखी छोट्या पिवळसर पट्ट्या असतात.

काही माणसांत या पट्ट्या हळूहळू कडक होतात आणि त्यांचे चक्क हाड बनते. पुष्कळांना वाटते की तिथे कॅल्शियम साचले. तसे नाही. भांड्याला क्षार धरावेत तसा हा थर नसतो; ते शरीराने घडवलेले खरेखुरे हाड असते. त्यामुळे दूध बंद करून, पानातला चुना सोडून ते थांबत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी कॅल्शियमची गोळी दिली असेल, तर तीही आपल्या मनाने बंद करू नये.

पुढच्या पट्टीचे हाड झाले की कणा ताठ होतो. मेणबत्तीचे मेण ओघळून गोठावे तसे ते एक्स-रेमध्ये दिसते. फ्रान्समधील डॉ. फॉरेस्टिए आणि त्यांचे सहकारी डॉ. रोटेस-केरोल यांनी १९५० मध्ये या विकाराचे वर्णन केले. तो उतारवयात, आणि स्थूल व मधुमेही लोकांत अधिक दिसतो. बऱ्याच जणांना पाठ आखडण्यापलीकडे त्रास होत नाही. मात्र असा ताठ कणा लवचिक राहिलेला नसल्याने साध्या पडण्यानेही मोडू शकतो.

मागच्या पट्टीचे हाड होणे हे अधिक गंभीर. मानेतली मज्जारज्जूची वाट मुळातच दीड सेंटीमीटरच्या आसपास रुंद. त्यात पुढून हाड सरकत आले की तार दबते. दाब वर्षानुवर्षे सावकाश वाढतो, म्हणून शरीर तो बराच काळ सोसते. आणि सोसते म्हणूनच आपण फसतो.

जपानी डॉक्टरांनी काय पाहिले?

या मागच्या पट्टीच्या आजाराचा सर्वांत चिकाटीने अभ्यास जपानने केला. १९६० मध्ये डॉ. त्सुकिमोटो यांनी एका रुग्णाच्या शवविच्छेदनात मज्जारज्जू दाबणारे हे हाड दाखवले. पुढे तिथे इतके रुग्ण आढळले की काही काळ जगभर याला 'जपानी आजार' म्हटले जाई. १९७५ मध्ये तिथल्या सरकारने त्याची गणना दुर्धर आजारांत केली आणि अभ्यासासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. तिशीपुढच्या जपानी लोकांत शंभरामागे साधारण २ ते ४ जणांच्या मानेत असे हाड सापडते. पुरुषांत ते स्त्रियांच्या सुमारे दुप्पट. सगळ्यांनाच त्रास होतो असे नाही. आज हा आजार इतर आशियाई देशांतही ओळखला जातो आणि भारतातील मणक्यांच्या शल्यचिकित्सकांना तो चांगलाच परिचित आहे.

सुरुवातीला सगळा भर आनुवंशिकतेवर होता, आणि तो चुकीचाही नव्हता. हा आजार घराण्यात चालतो. पण रुग्ण पाहता पाहता दुसरी गोष्ट डोळ्यांत भरू लागली. त्यांच्यात मधुमेही आणि स्थूल माणसे बरीच होती. प्रयोगशाळेतले लठ्ठ उंदीर, ज्यांच्यात भूक आवरणारा लेप्टिन हा संदेश पोहोचत नाही, त्यांच्याही मणक्यांच्या पट्ट्यांचे हाड होताना दिसले. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी एक मोलाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. हाड किती पसरले आहे याचा संबंध रक्तातली साखर किती यापेक्षा, साखरेला उत्तर म्हणून शरीर किती इन्शुलिन ओतते याच्याशी अधिक होता. २०२३ मध्ये सुमारे २००० रुग्णांच्या जनुकांचा मोठा अभ्यास जपानमध्येच झाला. शरीराचे वाढते वजन हे या आजाराच्या नुसते सोबतीला नसून त्याच्या कारणांपैकी एक आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. अलीकडे तिथले डॉक्टर अशा रुग्णांच्या रक्तातली आणि यकृतातली चरबीही पाहू लागले आहेत आणि ती जोडीने आढळते अशी निरीक्षणे पुढे येत आहेत.

काळजाचा काय संबंध?

आपण 'काळीज' म्हणतो तेव्हा हात छातीवर जातो. पण मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की मिळते ते यकृत. आपल्या पूर्वजांनी एवढा मान ज्या अवयवाला दिला, त्याच्याकडे आपण मात्र कावीळ झाल्याखेरीज पाहत नाही.

जेवण झाले की स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटते आणि ते आधी यकृतात येते. निरोगी यकृत त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा तिथेच वापरून संपवते. उरलेला बाकी शरीराला जातो. यकृतात चरबी भरली की हे काम मंदावते. शिवाय असे यकृत इन्शुलिनचे ऐकेनासे होते. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन ओतते. परिणामी रक्तात इन्शुलिन वर्षानुवर्षे चढे राहते. हा काळ साखरेच्या रिपोर्टमध्ये बहुधा दिसतच नाही, कारण साखर तोवर कशीबशी आटोक्यात असते.

इन्शुलिन केवळ साखरेचा हिशोब ठेवत नाही. ते पेशींना वाढीचा संदेशही देते. मणक्याच्या पट्टीतल्या ज्या पेशींची घराण्यातूनच हाड बनण्याकडे ओढ आहे, त्यांना हा संदेश वर्षानुवर्षे मिळत राहिला तर काय होईल? जपानी निरीक्षणे या दिशेला बोट दाखवतात. इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. 'यकृतातल्या चरबीने मानेत हाड वाढते' असे सरळ वाक्य लिहिण्याइतका पुरावा आज हाती नाही, आणि कोणी तसे छातीठोकपणे सांगून औषध विकत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. दोन्ही एका मुळाच्या फांद्या आहेत, एवढे म्हणायला मात्र आधार आहे. आणि मूळ एक असेल तर एक फांदी दिसल्यावर दुसरीकडे मान वर करून पाहणे हे शहाणपणाचे आहे.

यातून एक दुष्टचक्रही तयार होते. मज्जारज्जू दबला की चालणे कमी होते. चालणे कमी झाले की पोट वाढते, साखर वाढते, यकृतात चरबी वाढते. त्यात दुखण्यावर घेतलेल्या गोळ्यांची भर. मानदुखीवर आपल्याकडे अजूनही बिननावाच्या पुड्या घेतल्या जातात. 'एका पुडीत माणूस उठून बसतो' अशी त्यांची ख्याती असते. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड निघते. त्याने दोन दिवस बरे वाटते खरे, पण साखर आणि वजन वाढते, यकृतात चरबी साठते आणि हाडे ठिसूळ होतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे त्याहून वाईट होते. औषधच रेड्याला आणखी आजारी करते.

'मी दारूला शिवत नाही!'

फॅटी लिव्हर हा शब्द उच्चारला की पुरुष रुग्णाचा चेहरा पडतो आणि शेजारी बसलेली पत्नी त्याच्याकडे संशयाने पाहते. 'डॉक्टरसाहेब, मी माळकरी आहे, दारूला शिवत नाही!' असे मला अनेकांनी कळवळून सांगितले आहे. त्यांचे खरे असते. दारू न पिणाऱ्यांचेही यकृत दारुड्याच्या यकृतासारखे होऊ शकते, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. लुडविग यांनी १९८० मध्येच दाखवून दिले होते. २०२३ मध्ये जगातील यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी या आजाराचे नावच बदलले. जुन्या नावात 'दारूविना' असा उल्लेख होता. नव्या नावात शरीरातल्या चयापचयाच्या बिघाडावर बोट आहे. हा बदल मला फार योग्य वाटतो. आजाराने माणसावर आळ येऊ नये.

दुसरा आक्षेप येतो तो सडपातळ माणसाचा. 'मी कुठे जाड आहे?' याचे उत्तर पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्याच शरीरावरून दिले आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी आपल्या दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा: २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय बारीक आणि चरबी पोटात, ही आपली भारतीय ठेवण आहे. म्हणून वजनकाट्यावर समाधान मानू नका. शिंप्याचा मोजपट्टीचा फीत घ्या आणि कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषाचा कंबरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या वर आणि स्त्रीचा ८० च्या वर असणे ही धोक्याची खूण मानतात.

हाताकडे कोण बघते?

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातले एक किराणा दुकानदार माझ्याकडे आले. वय ५४. आठ वर्षांचा मधुमेह, पोट सुटलेले, सोनोग्राफीत यकृतात चरबी. दोन वर्षे मानेला पट्टा, मालीश, शेक, सगळे झाले होते. दाढी-कटिंगला गेले की खुर्चीत बसल्या बसल्या मान कडकन मोडून घेत. त्याने तासभर बरे वाटे. हातांना मुंग्या येत, तेव्हा 'साखरेने नसा कमजोर झाल्या' असे सांगून एके ठिकाणी त्यांना जीवनसत्त्वांची इंजेक्शने दिली गेली होती. साखर बांधताना पुडीचा दोरा हातातून सुटू लागला, तेव्हा ते काम त्यांनी मुलाकडे दिले. शेवटी बँकेतून चेक परत आला: सही जुळत नाही. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "डॉक्टर, मान दुखते म्हणून एवढी वर्षं यांची मानच दाबली. हाताकडे कोण बघतंय?"

त्या बाईंनी एका वाक्यात आमचे पुस्तक सांगितले. मी रबरी हातोडीने गुडघ्यावर हलका ठोका दिला, तर पाय झटकन उडाला. मधुमेहाने नसा अधू झाल्या असत्या तर तो मंद हलला असता किंवा हललाच नसता. मज्जारज्जू दबला की उलट पाय जास्त उडतो. एमआरआय आणि सीटी स्कॅनमध्ये मानेतल्या चार मणक्यांच्या मागे हाड दिसले. शहरात शस्त्रक्रिया झाली. आज ते काठी घेऊन चालतात, स्वतःच्या हाताने जेवतात. सही मात्र पूर्वीची राहिली नाही. बँकेत नवीन नमुना द्यावा लागला.

या उदाहरणात मला जो धोका दिसतो तो हा. मधुमेही माणसाच्या हाताला मुंग्या आल्या की साखरेवर खापर फोडून आपण मोकळे होतो. मधुमेहाचा नसांवरचा परिणाम बहुधा पायाच्या तळव्यांपासून सुरू होतो. हातांचे कौशल्यच गेले, म्हणजे बटण लागत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, भाकरीचा तुकडा नीट मोडत नाही, अक्षर बिघडले, चालताना तोल जातो, चप्पल पायातून निसटते, लघवीची घाई होते, तर त्याचे उत्तर साखरेच्या गोळीत शोधू नका. ज्या माणसाला मधुमेह, पोट आणि फॅटी लिव्हर आहे, त्याच्याच बाबतीत ही चूक होण्याचा संभव जास्त आणि त्याच्याच मणक्याकडे पाहण्याची गरजही जास्त.

दहा सेकंदांची परीक्षा

जपानी डॉक्टरांनी १९८७ मध्ये एक सोपी चाचणी सांगितली. हात समोर धरून मूठ पूर्ण मिटायची आणि बोटे पूर्ण उघडायची, जमेल तितक्या वेगाने, १० सेकंद. निरोगी माणसाला २० वेळा किंवा त्याहून अधिक जमते. त्याहून बरेच कमी होत असेल, बोटे अडखळत असतील, तर मज्जारज्जूची तपासणी करून घ्यावी. संधिवात असलेल्या हाताला ही परीक्षा लागू करू नये, आणि जमली म्हणजे सगळे ठीक असेही समजू नये. पण घड्याळापलीकडे तिला काही लागत नाही.

अशी लक्षणे असतील त्यांनी निदान होईपर्यंत मान मोडून घेणे, जोराचे मालीश, शीर्षासन, सर्वांगासन आणि डोक्यावर ओझे वाहणे बंद ठेवावे. आधीच चिणलेल्या तारेला एक हिसका पुरेसा असतो. दुचाकीवरून साधे पडूनही अशा माणसाचे हातपाय लुळे पडू शकतात. वाढलेले हाड विरघळवणारे औषध आज नाही. तारेवरचा दाब वाढला तर शस्त्रक्रियेने वाट मोकळी करावी लागते, आणि ती वेळेत झाली तर फायदा जास्त. 'ऑपरेशन केले की माणूस अंथरुणाला खिळतो' ही गावातली समजूत पुष्कळदा फार उशिरा केलेल्या ऑपरेशनांतून आली आहे.

प्रत्येक ताठ मणक्याचा दोष पोटाला देऊ नका, हेही सांगतो. आपल्या चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तेही मणक्यांच्या पट्ट्यांचे हाड करते. भारतात या विकाराचे वर्णन १९३७ मध्येच तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात झाले होते. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक आहे. अशा गावात आधी पाणी तपासले पाहिजे. तसेच पंचविशी-तिशीतल्या मुलाची पाठ पहाटे आखडत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर तो वेगळाच सांध्यांचा आजार असू शकतो.

मग करायचे काय?

यकृताच्या बाजूने बातमी चांगली आहे. हाड परत पट्टी होत नाही, पण यकृत मागे फिरू शकते. वजन ५ टक्के उतरले की यकृतातली चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्के उतरले तर सूजही ओसरते. ८० किलोच्या माणसाला ६ ते ८ किलो. ते एका महिन्यात नको, वर्षभरात करा. आपल्या गावात त्यासाठी काय सोडायचे? दिवसातला सहा वेळचा साखरेचा चहा आणि त्यासोबतची बिस्किटे, संध्याकाळचे फरसाण, उपवासाच्या नावाखाली ताटभर साबुदाणा, आणि रात्री दहाला जेवून लगेच आडवे होणे. काय धरायचे? भाकरी, उसळी, पालेभाजी, ताक आणि रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालणे. यातले बाहेरून विकत आणावे लागेल असे काही नाही. यकृत नुसते चरबीचे आहे की आत कडक होत चालले आहे, याचा पहिला अंदाज वय, यकृताच्या दोन रक्तचाचण्या आणि प्लेटलेटचा आकडा यांवरून काढता येतो. 'ग्रेड वन' वाचून कागद पिशवीत टाकण्यापूर्वी तेवढे डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि आता माझ्या व्यवसायबंधूंना व शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना चार शब्द. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये यकृतातल्या चरबीचा आजार मधुमेह, हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, ही चांगली गोष्ट झाली. पण आपल्या शिबिरांत काय होते? वजन, रक्तदाब, साखर, फोटो आणि चहा. त्यात दोनच गोष्टी वाढवा: कंबरेला फीत आणि १० सेकंदांची मूठ. दोन्हींना पैसा लागत नाही, वीज लागत नाही, माणसामागे दोन मिनिटे लागतात. कोणी म्हणेल, एवढ्या विरळ आजारासाठी सगळ्या गावाला मुठी उघडायला कशाला लावायच्या? माझे उत्तर असे की फीत सगळ्यांसाठी आहे. मूठ ज्यांना मधुमेह, पोट किंवा हाताची तक्रार आहे त्यांच्यासाठी. रांगेतल्या शंभरांपैकी एकाचीही मूठ अडखळताना वेळीच दिसली, तरी एका घरातला कमावता हात वाचतो. आणि बाकीच्या नव्याण्णवांना आपल्या कंबरेचा आकडा कळतो, तोही काही कमी नाही.

विशेषज्ञ आपापल्या जागी हवेतच. मणक्याच्या डॉक्टरांनी मणका पाहावा, पोटाच्या डॉक्टरांनी पोट. पण त्यांच्यामध्ये अख्खा माणूस पाहणारा एक जण असावा लागतो, आणि ते काम घरच्या डॉक्टरचे आहे. त्याला तशी संधी द्या. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा पिशवीतला सगळ्यात वरचा एकच कागद काढून देऊ नका. सगळे कागद तारखेप्रमाणे लावा, टेबलावर ठेवा आणि विचारा, "डॉक्टर, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?"